सुलतानच्या गळ्याची सोनोग्राफी

माझ्या दवाखान्याच्या दारातून आत आलं की समोरच पाटी दिसते: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' पाटीखाली बहुतेक वेळा एखादी शेळी नाहीतर पोट फुगलेलं वासरू उभं असतं. नवीन माणूस पाटी वाचतो, शेळीकडं बघतो आणि म्हणतो, काय डॉक्टरीणबाई, आता शेळ्यांनापन कायदा लागला का. हा विनोद मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलाय की आता मान वर करून बघतही नाही, सुई भरत राहते.

पाटी मी हौसेनं लावलेली नाही. सोनोग्राफीची मशीन जनावरांची असली तरी ती कुठं आहे, कुणाच्या ताब्यात आहे, याची नोंद सरकारदरबारी ठेवावी लागते. त्यात आमचा बीड जिल्हा. मुलींच्या बाबतीत या जिल्ह्याची जी बेअब्रू झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं दुधानं तोंड पोळलेले अधिकारी इथं ताकही फुंकून पितात. मशीन बघायला येतात, उलटसुलट विचारतात. मी चहा पाजते आणि मनात म्हणते, या, रोज या.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, मॅडम, कुत्र्यामांजरांच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. बरं म्हणून लिहायला बसले. पण माझा पिंड एका जागी बसायचा नाही. सगळी नोकरी शिरूर कासारच्या माळावर आणि धर्मापुरीच्या बाजूला स्कूटरवर गेली, निवृत्त झाल्यावर गेवराईत दवाखाना टाकला तर तिथंही मी उभीच. आत्ताही दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. गमतीजमती पोतंभर आहेत. पण एक गोष्ट मला धड बसू देत नाही. तीच आधी लिहून टाकते, त्याशिवाय बाकीचं सुचणार नाही.

आधी धंद्याचं थोडं सांगते. सोनोग्राफी ही काही जादू नाही. हातात धरायचा एक ठोकळा असतो, त्याला आम्ही प्रोब म्हणतो. त्यातून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज जनावराच्या अंगात जातो, आतल्या अवयवांवर आपटून माघारी येतो आणि पडद्यावर त्याचं करडं चित्र उमटतं. पाणी काळं दिसतं, हाड पांढरं, बाकी सगळा कारभार मधल्या रंगांचा. नवख्याला त्यात ढगाळ आभाळाशिवाय काही दिसत नाही, वाचायला शिकावं लागतं. माझ्याकडं ही मशीन जास्त करून गाभण जनावरांवर चालते. म्हशीचा मालक हळूच विचारतो, पारडी हाय का बघा की. शिकारी कुत्री घेऊन येणारा विचारतो, पिल्लांत नर किती. गोठ्यात पारडी झाली की पेढे, घरात मुलगी झाली की तोंडं वाकडी, आणि माणसं तीच. मी चिडते. गफूरभाई, म्हणजे सरकारी दवाखान्यापासून माझ्याबरोबर जनावरं धरणारे माझे मदतनीस, मग त्या मालकाला बाजूला घेऊन सांगतात की म्याडमला दिसतं सगळं, पण सांगत न्हाईत, उगं टाइम खराब करू नका.

अशाच एका उन्हाळ्यात अण्णा आले. तलवाड्याच्या पुढं त्यांचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, आणि अण्णा हेही त्यांचं खरं नाव नाही. भरपूर बागायत, कधीकाळी पंचायत समितीत चलती होती, आता मुलाला पुढं आणायची तयारी चाललेली. बोलणं एकदम मऊ. त्यांच्या जीपमधून दोन माणसांनी एक डोबरमन कुत्रा उचलून खाली ठेवला. त्याचं नाव सुलतान.

डोबरमन म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? चकचकीत कातडी, आवळ पोट, नुसत्या नजरेनं माणूस फाटकाबाहेर थांबवणारा. हा पखालीसारखा सुटलेला होता. शेपटीवरचे केस झडून ती उंदराच्या शेपटीसारखी झालेली, कमरेवर दोन्ही बाजूंना काळे टक्कल पडलेले पट्टे, आणि तोंडावरची कातडी अशी लोंबलेली की घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा चेहरा. खाली ठेवला तिथंच बसला.

अण्णांची तक्रार वेगळीच होती. कुत्रं भुंकत नाही. परका माणूस अंगणात येतो, खुर्ची ओढून बसतो, चहा पिऊन जातो, हे मान वर करत नाही. आलेले लोक हसायला लागले होते. कातडीचा रोग समजून गावाकडं कुणाकडून तरी खाजेच्या सुया बऱ्याच दिल्या, गुण आला नाही. आता एकच सुई द्या, झोपेतच जाऊ द्या, दुसरं पिल्लू सांगून ठेवलंय, असं ते म्हणाले. हे सगळं अगदी शांतपणे.

मी नाडी बघितली. मंद. अंग गार. मी विचारलं, हा दिवसभर बसतो कुठं? ते म्हणाले, सूनबाई सांगती, चुलीपाशी जाऊन पडतंय, हाकललं तरी उठत न्हाई. मे महिन्यात गेवराई तालुक्यात जो प्राणी आपण होऊन चुलीपाशी जातो, तो एकतर खुळा असतो नाहीतर थायरॉइडचा पेशंट. सुईचा विषय मी तिथंच मोडून काढला आणि तपासणीसाठी रक्त काढून घेतलं.

थायरॉइड म्हणजे गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या दोन लहानशा ग्रंथी. शरीराची आच किती ठेवायची ते त्या ठरवतात. त्या मंदावल्या की सगळंच मंदावतं, जनावर जाड होतं, गारठतं, केस झडतात, भुंकायचा कंटाळा येतो. हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, हे तर आमच्या मालकिणीला हाय. मी म्हटलं, तेच. आपल्या बायकोला आणि कुत्र्याला एकच आजार व्हावा हे त्यांना फारसं रुचलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट पुण्याहून आला तसं अण्णांना सुलतानसकट पुन्हा बोलावून घेतलं. थायरॉइड कमी. कुणालाही वाटेल, झालं निदान, गोळी सुरू करा. पण इथंच गोम आहे. खाजेच्या सुया बहुतेक स्टेरॉइडच्या असतात, आणि त्या घेतल्यावर चांगल्या कुत्र्याचाही आकडा खाली येतो. दुसरा एखादा आजार अंगात असला तरी येतो. म्हणजे कमी आकड्यावरून ग्रंथी मेली आहे की नुसती दबली आहे ते कळत नाही. नसलेल्या आजाराची गोळी चालू केली तर असलेला आजार तसाच राहतो, कुत्रं सुधारत नाही, आणि अण्णांना पुन्हा सुई आठवली असती. सुया बंद करून वाट बघायची म्हटलं तर अण्णा तेवढं थांबणारे नव्हते. तेव्हा ग्रंथीच डोळ्यांनी बघायची. दबलेली ग्रंथी सोनोग्राफीत बहुधा भरलेली, उजळ, गुळगुळीत कडांची दिसते. रोगानं खाल्लेली ग्रंथी आक्रसते, काळसर पडते, कडा ओबडधोबड होतात. नुसत्या चित्रावर विसंबू नये, पण लक्षणं, रक्त आणि चित्र तिन्ही एकच बोलायला लागले की डॉक्टरला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

पण हे सगळं सुलतानला कोण सांगणार? इतका सुस्त प्राणी, पण गफूरभाईंनी गळ्याला हात लावला तसा असा गुरगुरला की गफूरभाई भिंतीला टेकले. भूल द्यावी तर नाडी आधीच मंद, मला धीर होईना. मी विचारलं, घरात हा कुणाचं ऐकतो? अण्णा म्हणाले, सुनेचं, तिच्या मांडीवर मान टाकून पडतंय. मग उद्या तिला घेऊन या, मी म्हटलं, ती धरेल, मी मशीन लावते. अण्णांनी एकदा मशीनकडं बघितलं. मला वाटलं, सून घराबाहेर काढायची का, याचा विचार चाललाय. मग म्हणाले, आणतो.

दुसऱ्या दिवशी अर्चना आली. पंचविशीची असेल, डोक्यावर पदर, अंगानं किरकोळ. आली आणि सरळ खाली बसली, सुलतानचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याची हनुवटी वर करून धरली. मी काही सांगायच्या आधीच. मी गळ्यावरचे केस काढले, जेल लावलं, प्रोब टेकवला. कुत्र्यानं डोळे मिटून घेतले. ती त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मध्येच तिनं विचारलं, ते ठोके पडल्यावानी काय दिसतंय? मी म्हटलं, मानेतली रक्ताची शीर, तिच्या शेजारीच आपली ग्रंथी शोधायची. आणि सापडली. सुकलेल्या मुगाच्या शेंगेएवढी, काळपट, कडा फाटल्यासारख्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. निदान पक्कं झालं की मला लहान पोरासारखा आनंद होतो, लपवता येत नाही. मी अर्चनाला म्हटलं, हा मरत नाही, हा नुसता विझलाय, गोळीनं पेटेल. ती हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी तेवढंच पाहिलं.

अण्णा इतका वेळ माझ्या मागं उभे राहून पडदा बघत होते. ते गफूरभाईंना म्हणाले, कुत्र्याला जरा झाडाखाली न्या, उकडतंय त्याला. गफूरभाई सुलतानला घेऊन बाहेर गेले. अण्णांनी स्वतः दार लोटलं. मग चहा सांगावा तशा आवाजात म्हणाले, "मशीन चालूच हाय तर आमच्या सुनेलापन बगा, मॅडम. चौथा म्हैना लागलाय. दोन पोरी हायत आधीच्या."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. पाटी दाखवली, पोलिसांचं नाव घेतलं, जनावरांच्या डॉक्टरकडं सून आणताना लाज वाटली नाही का म्हणून विचारलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "तुमीच म्हणलात सुनेला आणा म्हणून," ते म्हणाले. "मला वाटलं तुमी बाईमाणूस, घरच्यासारख्या, समजून घेताल. का म्हून चिडता? न्हाई तर न्हाई. परवा एक जण घरी येऊन बघणार हाय, त्याची मशीन पिशवीत मावती." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

अर्चना हातावरचं जेल पदराच्या टोकानं पुसत होती. हात कोरडे झाले होते तरी पुसतच होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, मशीन लावल्यासारखं करा. पोरगा हाय म्हणून सांगा. मंग मला कुटं न्हेणार न्हाईत."

हात प्रोबकडं गेला होता. खोटं कशाला बोलू. दोन मिनिटांचं नाटक, आणि एक जीव वाचला असता. पण पाच महिन्यांनी मुलगी झाली तर त्या घरात हिचं काय झालं असतं? आणि डॉक्टरीणबाई बघते ही बातमी एकदा या तालुक्यात फिरली असती तर माझ्या दारात शेळ्यांपेक्षा सुनाच जास्त उभ्या राहिल्या असत्या. मी तिला नाही म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी विचारलं, गावातल्या आशाताईकडं नाव नोंदवलंय का? ती म्हणाली, सासूबाई म्हणतात पाचव्या महिन्यापस्तोर कुणाला सांगायचं न्हाई, दिष्ट लागती.

हा रिवाज आमच्याकडं घरोघर आहे, माझ्याही आईनं पाळला होता. गर्भ लहान असतो, कुणाची नजर लागू नये, म्हणून पोट दिसेपर्यंत गप्प राहायचं. त्यामागं माया असते. पण या घरात तो रिवाज भलत्याच कामाला आला होता. जे पोट कुणाला माहीतच नाही, ते पुढच्या आठवड्यात नसलं तरी कोण विचारणार?

अण्णा परत आले तेव्हा मी गोळ्या लिहीत होते. त्यांनी कागद घेतला नाही. कुत्रं राहू द्या इथंच, म्हणाले, तुमी जनावराच्या डॉक्टर, जनावर संभाळा. सुनेला घेऊन जीपमध्ये बसले आणि गेले. सुलतान साखळी ओढून ओढून फाटकापर्यंत गेला आणि तिथंच बसून राहिला. गफूरभाईंनी दूधभाकरी पुढं ठेवली, त्यानं तोंड फिरवलं.

तो दिवस आणि ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. तक्रार करावी तर करायची कशाची? माझ्या दवाखान्यात काही घडलंच नव्हतं. अधिकारी गावात गेले असते, अण्णांनी त्यांना बसवलं असतं, सुनेनं मान खाली घालून काही नाही म्हटलं असतं. पिशवीतली मशीन परवाऐवजी आठ दिवसांनी आली असती, आणि मधले आठ दिवस अर्चनानं सोसले असते. नुसतं नाही म्हणून मी सुटले होते. ती सुटली नव्हती. मी घरात येरझाऱ्या घालत होते आणि फाटकाशी ते कुत्रं.

सकाळी गफूरभाई आले, भाकरी तशीच पडलेली बघितली आणि म्हणाले, म्याडम, ये तो वापस देना पडता, नहीं तो मर जाएगा. मी म्हटलं, चला. सुलतानला माझ्या गाडीत घातलं आणि आम्ही निघालो.

अण्णांच्या गावात मी आधी आशाताईच्या घरी गेले. गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, हे तिचं सरकारी काम. तिच्या शेळ्या माझ्याकडं येतात, म्हणून ओळख. अर्चनाचं ऐकून ती चपापली. नोंद करायलाच हवी, ती म्हणाली, एकदा नाव लागलं की दर महिन्याला विचारणा होते, पण अण्णांच्या घरी जाऊन मी कसं काढू, मॅडम, मला या गावात राहायचंय. मी म्हटलं, तू काही काढू नकोस, काढायचं ते मी काढते. तू नुसती माझ्यामागं ये.

अण्णांच्या अंगणात सकाळचा दरबार भरलेला होता. कुणाचं विजेचं काम, कुणाचा बांधाचा तंटा, पांढऱ्या टोप्या, चहाचे कप. मी गाडीचं दार उघडलं तसा सुलतान उतरला, कुणाकडं न बघता सरळ स्वयंपाकघराकडं चालायला लागला. लोक हसले. अण्णांनी मला बघितलं आणि चेहरा न बदलता खुर्ची द्यायला सांगितलं. लोकांपुढं आल्यागेल्याचा मान त्यांनी कधी चुकवला नसणार. मी त्याच भरवशावर आले होते.

मी बसले आणि मोठ्या आवाजात सुलतानचा आजार सांगायला लागले. खेड्यात असल्या गोष्टीला ऐकणारे लगेच जमतात. कुत्र्यालाही थायरॉइड होतो, अण्णांच्या घरात मालकिणीची आणि सुलतानची गोळी एकच, फक्त कुत्र्याला जास्त लागते, हे ऐकून म्हातारे टोप्या सावरत हसायला लागले. अण्णांनाही हसावं लागलं. तेवढ्यात अर्चना चहा घेऊन उंबऱ्याशी आली, सुलतान तिच्या पायाला घासत.

मी म्हटलं, "गोळी सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी, आणि हिच्याच हातानं, दुसऱ्याच्या हातचं तो खात नाही. पण अण्णा, सूनबाईला दिवस गेलेत, चौथा लागलाय. कुत्र्यासाठी तिला खाली वाकायला लावू नका, त्याला ओट्यावर बसवून द्या."

आत कुठंतरी भांडं जोरात आपटलं. मग माझ्या मागून आशाताईचा आवाज आला. कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "वैनी, मंग आजच नाव लिवून घेते. पुढच्या आठवड्यात तपासणीला न्हेते तुमाला."

एक फेटेवाले म्हातारे म्हणाले, अण्णा, एवढी गोड बातमी आमच्यापासून लपवून ठेवलीत व्हय. दुसऱ्यानं पेढ्यांचं काढलं. सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मग लोकांपुढं हात जोडले. देवाची किरपा, म्हणाले. अर्चना ट्रे धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. सोनोग्राफीचं चित्र वाचणं सोपं.

अण्णा मला गाडीपर्यंत सोडायला आले. लई शान्या हायत तुमी, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आता तिच्या पोटाला काही झालं तर सगळं गाव विचारेल. ते म्हणाले, कळतंय मला. तलवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर मला गाडी थांबवावी लागली. गफूरभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

पुढचं मग आपल्या गतीनं होत गेलं. पिशवीतली मशीन त्या घरी आली नाही, हे आशाताईकडून कळत राहिलं. सुलतानला गोळी लागू पडली. आधी तो चुलीपासून उठला, मग अंगणात आला, मग एका सकाळी अण्णांचा ड्रायव्हर फोन करून सांगत होता की मॅडम, कुत्र्यानं पाहुण्याचं धोतर धरलं. औषधवाल्याची मात्र खात्री पटायला वेळ लागला, एवढा डोस बघून त्यानं मला विचारलं होतं की पेशंटचं वजन तरी किती. रक्त तपासायला सुलतानला आणायचं तर तो अर्चनाशिवाय जीपमध्ये चढत नसे, म्हणून तीही यायची, दर वेळी पोट थोडं पुढं आलेलं. त्या दिवसापासून सासू माझ्याशी बोलत नाही, असं तिनं एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मी तिचं गुपित भर अंगणात तिला न विचारता फोडलं होतं आणि त्याची किंमत ती देत होती. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, बोलत न्हाईत तेच बरं हाय.

मुलगी झाली. अण्णांकडून निरोप आला नाही, आशाताईनं कळवलं. मी गफूरभाईंना पेढे आणायला पाठवलं आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटले. शेळीवाले विचारत होते, कुणाचं काय झालं, मॅडम? मी म्हटलं, खा गुमान.

मागच्या महिन्यात अर्चना पुन्हा आली. सुलतानच्या अंगावर आता हात घसरतो इतके तुकतुकीत केस आहेत, दारात शिरताना त्यानं एका बोकडाला असा दम भरला की बोकड टेबलाखाली. मुलगी अर्चनाच्या कडेवर, सुलतानचा कान ओढत. तो ओढू देत होता. आकडा चांगला आला होता, तब्येत उत्तम. मी खुशीत होते. गफूरभाईंनी कुत्र्याला बाहेर नेलं, आणि मी सहज विचारलं, घरचे कसे आहेत?

"परत म्हणत्यात," ती म्हणाली. "चौथ्या लेकराचं."

मी भराभर बोलायला लागले, ऑपरेशन करून घे, आशाताईशी बोल, मी पुन्हा येते अण्णांशी बोलायला, असलं काहीबाही. ती ऐकत होती. एकदाच भर अंगणात बोलता येतं, दुसऱ्यांदा ते लोक तयार असतात, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, ह्याची गोळी कधी बंद व्हईल?"

हा प्रश्न मला प्रत्येक मालक विचारतो, आणि उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. मी म्हटलं, बंद होत नाही गं, जन्मभर द्यावी लागते, आणि मधून मधून आणून दाखवावं लागतं. हे ऐकलं की मालकांचे चेहरे उतरतात.

तिचा उतरला नाही. "मंग बरं हाय," ती म्हणाली. "मला यायला मिळंल."

तिनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि साखळी धरायला बाहेर निघाली. इतक्या चांगल्या आकड्यावर मी कुत्र्याला सहा महिन्यांनी बोलावते. मी तिला हाक मारून थांबवलं आणि पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली.